मुलांच्या हातातील फोन : पालकांनी व गुरुजींनी काय करावे



बेणे, खोडव्याची निगा, ठिबक, हुमणी आणि खताचे हप्ते या विषयांवर आम्ही या पत्रिकेतून वेळोवेळी लिहीत असतो. या अंकातील विषय बांधापलीकडचा, पण उंबऱ्याच्या आतला आहे. ऊस उत्पादकांच्या पत्रिकेत मोबाईलचे काय काम, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, पूर्वी चिटबॉय सायकलवरून येऊन तोडणीचा निरोप सांगत असे. आता तो निरोप बऱ्याच ठिकाणी फोनवर येतो. बिल बँकेत जमा झाल्याचे फोनवर कळते. सातबारा फोनवर निघतो, पीक पाहणी फोनवरून नोंदवावी लागते, डेअरीचा आणि बचत गटाचा हिशेब फोनवरच असतो. आणि दिवेलागणीला धारा काढायला आपण गोठ्यात गेलो की, हाच फोन घरातल्या पोराच्या हातात असतो.

म्हणजे असे बघा. घराचे पासबुक, शेताचा उतारा, बायकामुलांचे फोटो आणि पोरांचे खेळणे हे सगळे आपण एकाच डबीत ठेवले आहे, आणि पुष्कळ घरांत त्या डबीला कुलूपही नाही.

हे आपल्याच गावचे आहे असे नव्हे. 'असर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीचा २०२४ सालचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही पाहणी देशाच्या ग्रामीण भागातील मुलांची असते. तीत १४ ते १६ वर्षे वयाच्या जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आढळले, आणि ८२ टक्के मुलांनी तो आपल्याला वापरता येतो असे सांगितले. वापरता येणाऱ्यांपैकी मागल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी फोन घेणारी मुले ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी घेणारी ७६ टक्के निघाली. आणि जी मुले समाजमाध्यमे वापरतात, त्यांपैकी त्रास देणाऱ्या खात्याला अडवावे कसे किंवा त्याची तक्रार करावी कशी, हे ६२ टक्के मुलांनाच ठाऊक होते. सांगावयाचे तात्पर्य, दहांतील चार मुले हमरस्त्यावर चालताहेत, पण गाडी आली तर बाजूला कसे व्हावे हे त्यांना कोणी दाखवलेले नाही.

डिजिटल नागरिकत्व म्हणजे काय?

या शिकवण्याला जाणकारांनी 'डिजिटल नागरिकत्व' असे नाव दिले आहे. नाव जड वाटले तरी सहकारातल्या माणसाला त्याचा अर्थ समजावयास अडचण नाही. आपण कारखान्याचा शेअर घेतला म्हणजे हक्क आला. सर्वसाधारण सभेत बोलता येते. शेअर एक असो की पन्नास, मत एकच. पण हक्काबरोबर पोटनियमही आले. नोंदलेला ऊस घालावा लागतो, पाळी पाळावी लागते, शेजाऱ्याच्या फडाची काळजी घ्यावी लागते. नुसता हक्क मागणारा आणि पोटनियम न मानणारा सभासद संस्थेला जड जातो.

फोन हातात आला की माणूस अशाच एका मोठ्या संस्थेचा सभासद होतो. तिथे बोलण्याचा, वाचण्याचा, शिकण्याचा हक्क आहे. तिथले पोटनियम मात्र कुणी छापून घरी पाठवत नाही. खरे-खोटे पारखणे, आपला पैसा व आपली ओळख सांभाळणे, दुसऱ्याची अब्रू राखणे आणि वेळेला आवर घालणे हे ते चार नियम होत. हे चार नियम ज्याला कळले तो डिजिटल नागरिक. पोरांना ते शिकवायचे खरे, पण त्याआधी आपण थोरांनी ते शिकले पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण पोरगं आपण सांगतो ते करीत नाही, आपण करतो ते करते.

पहिला नियम : खरे-खोटे पारखणे

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ही माणसे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील होती. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातली. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागून ती पोट भरतात. दिवस आठवडी बाजाराचा होता. त्याआधी काही दिवस मुले पळवणारी टोळी आली आहे, असा मजकूर व्हॉट्सॲपवरून फिरत होता. अनोळखी चेहरे दिसले, कुणीतरी संशय घेतला आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांचा अंत झाला. त्या पाचांपैकी कोणीही मूल पळवलेले नव्हते.

त्या वर्षी देशात ठिकठिकाणी असे प्रकार घडले. तेव्हा एक चित्रफीत खूप फिरली होती. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीतले मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. ती मुळात पाकिस्तानातल्या कराची शहरात, मुलांना जपा हे लोकांना कळावे म्हणून तयार केलेली जाहिरात होती. शेवटी ती दोघे मूल परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला आणि उरलेला तुकडा आपल्या देशात खरा म्हणून फिरला. पुढे व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण बोटाला मर्यादा घातली म्हणून मनाला घातली असे होत नाही.

आपल्या भागाला तर हे फार लागू आहे. गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतून तोडणीच्या टोळ्या येतात. त्यांच्यामागून घोंगड्या विकणारे, नंदीवाले, भिक्षेकरी येतात. आपल्या शिवारात वर्षातले पाच महिने अनोळखी चेहरे असणारच. तेव्हा अशी बातमी पुढे पाठविणारा माणूस वाऱ्याच्या दिवशी बांधाला काडी लावणारासारखा आहे. काडी आपल्या बांधाला लावली तरी जळतो शेजाऱ्याचा फड.

घरात आणि शाळेत यासाठी एक साधा पाठ आहे. कुठलाही मजकूर आला की मुलाला चार प्रश्न विचारावयास लावा. हे मूळ कोणी सांगितले? कोणत्या दिवशीचे आहे? कोणत्या गावचे आहे? आणि दुसऱ्या कोणी, म्हणजे वर्तमानपत्राने, आकाशवाणीने किंवा पोलिसांनी हेच सांगितले आहे का? चारांपैकी दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर तो मजकूर आपल्याकडेच थांबवावा. फोटो जुना आहे की नवा, हे गूगल लेन्सवर तपासता येते. सरकारी योजनांविषयीच्या खोट्या बातम्यांचे खुलासे केंद्र सरकारचे पत्र सूचना कार्यालय नियमित प्रसिद्ध करते. सातवी-आठवीच्या मुलांना हे काम दिले तर ती गुप्तहेरासारखी कामाला लागतात आणि घरी येऊन आजोबांनाही विचारतात, की आबा, हे तुम्हाला कुणी पाठवलं? अशा नातवाला रागावू नये.

दुसरा नियम : पैसा व ओळख सांभाळणे

फोनवरून पैसे जातात ते बहुधा दोन वाटांनी. एक, भामट्याला आपण पिन किंवा ओटीपी देतो. दोन, घरातल्या पोराला आपला पिन माहीत असतो. दुसरी वाट आपणच पाडलेली असते. बारीक अक्षर दिसत नाही म्हणून आपण म्हणतो, "बाळा, तूच आकडे टाक." पिन पोराला पाठ होतो. पोरगं लबाड नसते, पण खेळात पुढची पायरी गाठायला पैसे भरा असे आले की हात जातोच.

पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. रमीसारखे पैशाचे खेळ त्या कायद्याच्या कक्षेत येतात. म्हणून आडवाटेने कुणी असा खेळ सुचवीत असेल तर तो खेळ नव्हे, सापळा आहे, असे तरुण मुलांना स्वच्छ सांगावे. खेळातील हत्यारे, कपडे, नाणी विकत घेण्याचा प्रकार त्याहून वेगळा आहे आणि तो लहान मुलांच्या खेळांतही असतो. तिथे आपणच लक्ष द्यावे लागते.

सभासदांनी पुढील गोष्टी आजच कराव्यात :

१. उसाचे बिल ज्या खात्यात जमा होते, ते खाते शक्यतो फोनच्या व्यवहाराला जोडू नये. रोजच्या खर्चापुरती रक्कम वेगळ्या लहान खात्यात ठेवून तेच जोडावे.

२. फोनला एक कुलूप आणि पैशाच्या ॲपला दुसरे कुलूप ठेवावे. दोन्हींचा आकडा एकच नसावा. जन्मसाल किंवा गाडीचा नंबर तर नकोच.

३. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे.

४. पीएम किसानची यादी, लग्नाची पत्रिका, गाडीचा दंड अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके फाइल आली तर उघडू नये. ती कागदपत्रे नसून फोनचा ताबा घेणारे ॲप असते.

५. पोलीस किंवा न्यायाधीश म्हणून कुणी व्हिडिओ कॉलवर आले आणि "तुम्हाला डिजिटल अटक झाली" असे म्हणाले, तर फोन ठेवून द्यावा. कायद्यात अशी अटक नाही.

हे पाच मुद्दे आपण मुलाला शिकवावेत असे आम्ही म्हणत नाही. उलट मुलाला शेजारी बसवून त्याच्याकडून ही कुलपे घालून घ्यावीत आणि आकडे मात्र आपण टाकावेत. त्याला तंत्र जास्त कळते, आपल्याला माणूस जास्त कळतो. दोघांची सांगड घातली की काम होते.

तिसरा नियम : अब्रू राखणे

हा भाग नाजूक आहे, पण टाळण्यासारखा नाही. समाजमाध्यमांवर अनोळखी खाते मैत्री करते, गोड बोलते, फोटो मागते. फोटो हाती पडला की धमकी सुरू होते, की पैसे पाठव, नाहीतर गावात पसरवीन. कधी खरा फोटोही लागत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातला साधा फोटो घेऊन कृत्रिम बुद्धिमत्तेने खोटा तयार करतात. यात मुलीच अडकतात असे नाही, मुलगेही अडकतात, आणि ते तर लाजेने अजिबात बोलत नाहीत.

कायदा याबाबतीत मुलांच्या बाजूने आहे. संमतीवाचून कुणाच्या खाजगी अंगाचे चित्र काढणे वा पसरविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली गुन्हा आहे. अठरा वर्षांखालील मुलांचे अश्लील चित्रण तयार करणे, पाठविणे, इतकेच काय, शोधणे व उतरवून घेणे हाही कलम ६७ ब खाली गुन्हा असून पहिल्या खेपेला पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१२ सालचा पोक्सो कायदा आहेच. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात असे चित्रण जवळ बाळगण्याचा प्रकारही सौम्यपणे घेण्याजोगा नाही हे स्पष्ट केले. तेव्हा वर्गातल्या मुलीचा असा फोटो गंमत म्हणून पुढे ढकलणारा मुलगाही अडचणीत येतो, हे मुलग्यांच्या आईबापांनी विशेष ध्यानात घ्यावे. आपल्याकडे जपायला सांगतात ते मुलीला. पाठवू नको, मागू नको, हसू नको, हे मुलाला सांगणारे घर विरळा.

आता मुद्द्याची गोष्ट. अशा प्रसंगी मुलगी गप्प का राहते? भामट्याच्या भीतीने ती गप्प राहते खरी, पण त्याहून मोठी भीती तिला घराची वाटते. आपण सांगितले तर आधी फोन जाईल, मग शाळा जाईल, आणि मग बारावीच्या आतच कुठलेतरी स्थळ बघतील, हे तिला ठाऊक असते. भामट्यालाही हे ठाऊक असते. किंबहुना त्याचा सगळा धंदा या भीतीवर चालतो. आपण घरात जितका धाक वाढवतो, तितका त्याचा दर वाढतो.

म्हणून आम्ही सभासदांना कळकळीने विनवितो की, काही घडण्याच्या आधीच एकदा मुलांना समोर बसवून शब्द द्या : "तुझ्याकडून काही चूक झाली तरी आधी आमच्याकडे ये. शाळा बंद होणार नाही. मारणार नाही. दोघं मिळून निस्तरू." आणि प्रसंग आला तर तो शब्द पाळा. ज्या घरात हा शब्द पाळला जातो, त्या घरातल्या पोराला धमकी देऊन भामट्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

चौथा नियम : वेळेला आवर

याबाबत आपल्याच ऊसपट्ट्यातले एक उदाहरण देशभर गाजले. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. तिथे राहणारे बहुतेक शेतकरी आणि साखर कारखान्यांचे कामगार. कोरोनाच्या काळात शाळा फोनवर आल्या आणि शाळा उघडल्यावरही पोरांच्या हातून फोन सुटेना. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, गावाने सभा घेऊन ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद होतील. साडेआठला पुन्हा भोंगा झाला की मग चालू. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, थोरांनी वाचावे, बोलावे.

या प्रयोगातले मर्म कोणते? तिथे फोन फक्त पोरांचा बंद झाला नाही, बापाचाही झाला. आईची मालिकाही थांबली. गावाने नियम सर्वांना सारखा लावला.

बंदीचीही उदाहरणे आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. ऑस्ट्रेलिया देशाने २०२४ साली कायदा करून १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची खाती ठेवण्यास मनाई केली. तिथे जबाबदारी मुलांवर किंवा आईबापांवर न टाकता कंपन्यांवर टाकली आहे. बंदीला आमचा विरोध नाही. पण आपल्याकडे शाळेचा अभ्यास, शिष्यवृत्तीचा अर्ज, बसचा पास सगळे फोनवर आले आहे. अशा वेळी पूर्ण बंदी टिकत नाही आणि लपूनछपून वापर वाढतो. वडगावची रीत, म्हणजे थोडा वेळ, पण सर्वांनी मिळून, ही आपल्याला झेपणारी आहे.

लहान लेकरांचे मात्र वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की एक वर्षाखालील बाळाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभरापेक्षा जास्त नको. कमी तितके बरे. घास भरवताना फोन समोर धरण्याची सवय सोडावी, असे आजीबाईंना आमचे सांगणे आहे. चिऊकाऊने आजवर पुष्कळ घास भरवले आहेत.

गुरुजींना व बाईंना उपयोगी साहित्य

हे सर्व शिकवायचे कशावरून, असा प्रश्न शिक्षक विचारतात. साहित्य पुष्कळ आहे आणि बहुतेक फुकट आहे.

केंद्रीय गृह मंत्रालयाने किशोरवयीन विद्यार्थ्यांसाठी सायबर सुरक्षेची पुस्तिका २०१८ साली काढली. याच मंत्रालयाच्या 'सायबरदोस्त' या खात्यावर नव्या फसवणुकींचे इशारे येतात. शाळेच्या फळ्यावर आठवड्याला एक इशारा लिहिला तरी काम होईल. दिल्लीच्या एनसीईआरटी संस्थेच्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागाने शाळांसाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आहेत. संगणक खोली, शाळेचा पासवर्ड, विद्यार्थ्यांची माहिती कुणी कशी ठेवायची, हे त्यांत सांगितले आहे. सीबीएसईने २०२० साली माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका काढली. ती इंग्रजीत असली तरी शिक्षकांना धडा बांधायला चांगली. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचा माहिती सुरक्षा जागृतीचा उपक्रम सी-डॅक संस्थेमार्फत चालतो. त्यात मुले, शिक्षक, महिला यांच्यासाठी निरनिराळे साहित्य भारतीय भाषांतून मिळते. गूगल कंपनीचा 'बी इंटरनेट ऑसम' हा अभ्यासक्रम २०२१ साली भारतात आला. त्यातील 'इंटरलँड' हा खेळ चौथी ते सातवीच्या मुलांना आवडेल असा आहे. अमेरिकेतील कॉमन सेन्स या संस्थेचे बालवाडीपासून बारावीपर्यंतचे इयत्तावार धडेही शिक्षकांना विनामूल्य आहेत. ते जसेच्या तसे न घेता त्यातली उदाहरणे आपल्या गावची घालावीत.

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपविषयी एक सूचना. मुलांचे फोटो, गुण, पत्ता आणि आधार क्रमांक ग्रुपवर टाकू नयेत. गुरुजींनीच मुलीचा फोटो नावासह तीनशे फोनांत पाठवला, तर मुलीला आम्ही काय शिकवणार?

आईबापांना उपयोगी गोष्टी

गूगलच्या 'फॅमिली लिंक'ने मुलाच्या अँड्रॉइड फोनवर वेळेची मर्यादा घालता येते आणि नवे ॲप घेताना पालकाची परवानगी लावता येते. लहानांसाठी 'यूट्यूब किड्स' वेगळे आहे. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांचे नियम तेरा वर्षांखालील मुलाला खाते देत नाहीत. इन्स्टाग्रामने किशोरांसाठी जादा संरक्षणाची खातीही सुरू केली आहेत. पण गंमत अशी की, आपण घरातच पोराचे जन्मसाल खोटे टाकून खाते उघडून देतो. म्हणजे सरकारने आणि कंपनीने जे काही संरक्षण लहान मुलासाठी ठेवले, ते आपणच आपल्या हाताने काढून टाकले. २०२३ सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकजण बालक धरला असून त्याची माहिती वापरण्यास पालकाची संमती लागेल आणि त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखविता येणार नाहीत, असे म्हटले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होण्याच्या आहेत. खोट्या वयाच्या मुलाला हा कायदा ओळखणार कसा? तेव्हा वय खरेच टाका.

प्रसंग आलाच तर

हा भाग कापून घरात दर्शनी जागी लावावा.

१. पैसे गेले असल्यास त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवून धरण्याची शक्यता जास्त. लाज, चर्चा, पाहुण्यांचा सल्ला हे सगळे नंतर. आपल्या बँकेलाही लगेच कळवावे.

२. फोटोची धमकी आली असल्यास पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी थांबत नाही. संदेश पुसू नयेत, त्यांची चित्रे काढून ठेवावीत, खात्याचे नाव लिहून घ्यावे आणि मग ते खाते अडवावे.

३. तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर नोंदविता येते. स्त्रिया व मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी तिथे वेगळा विभाग असून नाव न देताही कळविता येते. जवळच्या पोलीस ठाण्यातही जाता येते.

४. मूल अडचणीत किंवा भेदरलेले असेल तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. जिवाला धोका वाटल्यास ११२.

५. अठरा वर्षांखालील मुलाचा खाजगी फोटो पसरण्याची भीती असल्यास 'टेक इट डाउन' नावाची विनामूल्य सेवा आहे. मूळ फोटो फोनबाहेर न जाता त्याची एक खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून फोटो शोधून काढतात.

६. आणि मुलाला एकटे सोडू नये. त्या रात्री आईने किंवा बापाने त्याच्याजवळ झोपावे.

शेवटी

सभासदहो, आपल्या आधीच्या पिढीने शेअरची रक्कम उभी करून कारखाने काढले आणि कारखान्यांच्या आधाराने गावोगाव शाळा उभ्या केल्या. पोरं शिकावीत एवढाच त्यामागे विचार होता. आज ती पोरं एका बोटाने जगातले पुस्तक उघडू शकतात, ही काही वाईट गोष्ट नव्हे. विहीर आहे म्हणून आपण घर सोडून जात नाही. विहिरीला कठडा बांधतो आणि पोराला पोहायला शिकवतो. दोन्ही कामे लागतात.

तरी प्रत्येक गटातील सभासदांनी आपापल्या शाळेच्या येत्या पालकसभेत हा विषय मुख्याध्यापकांना सांगून ठेवावा. सभेला बापांनीही जावे. आयांवर सोपवून मोकळे होऊ नये. ज्या गावात साखरशाळा भरते तिथे तोडणी मजुरांच्या मुलांनाही या पाठात बसवावे, कारण फोन त्यांच्या कोपीतही आहे. आणि मोहित्यांच्या वडगावासारखा दीड तास गावाला जमत नसेल, तर निदान आपल्या घरी जेवणापुरते सर्वांचे फोन एका टोपलीत ठेवावेत. टोपलीत पहिला फोन आपला पडावा, इतकीच विनंती.

— संपादक मंडळ